जुने रेडिओ जमवतोय की नुसते साठवतोय, कसं ओळखायचं?

मीडियमवेव्ह

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, शेवटी आज लिहितोय. जरा लांबेल.

मी जुने रेडिओ जमवतो. सुरुवात बाबांच्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांच्या) रेडिओपासून झाली. बाबा गेल्यावर तो कपाटावर धूळ खात पडला होता, मी खाली उतरवला, पुसला, महिनाभर शिकत शिकत त्यातले कंडेन्सर बदलले आणि एका रात्री मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारी छोटी नळी, हिरवीगार उजळली, थोडी खरखर झाली आणि स्टेशन लागलं. आई आतल्या खोलीतून उठून बाहेर आली आणि काही न बोलता शेजारी बसली. तिथून सगळं सुरू झालं. मग दुसरा आला, तिसरा आला, पुढे लोक स्वतःहूनच सांगायला लागले की तुला आवडतात ना, आमच्याकडे एक पडलाय, घेऊन जा. आणि मी कधीच कोणाला नाही म्हटलं नाही.

याला १४ वर्षं झाली. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच सगळे मोजले. १४३ सेट आहेत. त्यातले चालू २१. साधारण ३० असे आहेत की मनावर घेतलं तर होतील. उरलेले सगळे "स्पेअरसाठी" असं मी इतकी वर्षं म्हणत आलोय, घरच्यांना पण आणि स्वतःला पण.

हे सगळं मागच्या खोलीत आहे. खोलीचं दार आता अर्धंच उघडतं, आत शिरायला आडवं व्हावं लागतं, खिडकीपर्यंत जाताच येत नाही. ती खोली मुलीची होणार होती. मुलगी आता नववीत आहे आणि अजून जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते, जेवायची वेळ झाली की वह्या उचलून सोफ्यावर जाते. परवा ती म्हणाली, अगदी शांतपणे, चिडून वगैरे नाही, "बाबा, खोली मिळणार नसेल तर तसं सांगून टाक ना, म्हणजे मी वाट बघणार नाही." मला उत्तरच सुचलं नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो ज्या मी कोणाला सांगितल्या नाहीयेत. एक म्हणजे मध्यंतरी एक सेट आणला आणि ठेवायला जागा करताना कळलं की तोच मॉडेल आधीच दोनदा आणलाय, त्यातला एक तर खोक्यातून बाहेरही काढलेला नाही. दुसरी, तो नवीन आणलेला सेट मी चार दिवस गाडीच्या डिकीत ठेवला आणि घरात कोणी नसताना आत नेला. हे करताना मला स्वतःचीच भीती वाटली.

होर्डिंग, म्हणजे वस्तू साठवत राहायचा आणि टाकता न येण्याचा विकार, हा शब्द घरात कोणी वापरला नाही. तो मीच शोधला आणि वाचत बसलो, पण वाचून जास्तच गोंधळ झाला कारण अर्धं वर्णन मला लागू पडतं आणि अर्धं अजिबात नाही. तर विचारायचं असं की हे संख्येवरून ठरतं का? ठरत नसेल तर कशावरून? तुमच्यापैकी कोणी या वळणावरून गेलंय का? खरं खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

कथील

मी पण याच छंदातला आहे, २० वर्षं झाली दुरुस्ती करतोय, त्यामुळे मानसिक बाजू जाणकारांवर सोडतो आणि ते "स्पेअरसाठी" जे लिहिलंय तुम्ही त्याबद्दलच बोलतो, कारण माझ्या बघण्यात आपल्या छंदातली सगळ्यात मोठी पळवाट तीच आहे.

तुमच्या खोलीत जे नव्वदएक सेट स्पेअर म्हणून पडलेत ना ते पडल्या पडल्या मरतायत. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वापरा नाहीतर न वापरा, सुकतो. कागद आणि मेणाचे जुने कंडेन्सर ओल धरतात आणि लीक होतात, ते तसेही कोणी परत वापरत नाही. जुन्या वायरचं रबर हात लावला की गळून पडतं. ट्रान्झिस्टर सेटमध्ये कोणी सेल विसरला असेल तर त्याचं पाणी होऊन पत्रा खाल्लेला असतो. टेपरेकॉर्डर असतील तर त्यांच्या बेल्टचं डांबर झालं असेल. आणि जर्मेनियमचे ते एएफ ११४ ते ११७ ट्रान्झिस्टर, ज्यांना आपण सोन्यासारखे जपतो, त्यांच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि डबी आणि आतली तार आपोआप जोडली जाते. म्हणजे बंद डब्यात, कोणी हातही न लावता, खराब. मी अशी १८ नगांची पुडी दहा वर्षं जपून ठेवली होती, तपासली तेव्हा ५ धड निघाले.

टिकतं काय? व्हॉल्व्ह टिकतात, दशकानुदशकं टिकतात, फक्त काचेच्या आतला तो चंदेरी डाग बघायचा, पांढरा पडला असेल तर आत हवा गेली, संपला. डायलची काच, नॉब, मागचा पुठ्ठा, आयएफ ट्रान्सफॉर्मर (सिग्नल गाळणाऱ्या छोट्या कॉइल), धड असलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, एवढंच. नव्वद सेटमधलं हे सगळं सामान काढलं तर दोन-तीन कपाटाचे कप्पे भरतील, खोली नाही भरणार. स्पेअर म्हणजे जे हवं तेव्हा हाताला लागतं ते. ज्या सेटपर्यंत पोचायला वरचे वीस सेट हलवावे लागतात आणि ज्यात काय चांगलं आहे ते माहीतच नाही त्याला स्पेअर कसं म्हणायचं?

म्हणून माझा तुम्हाला प्रश्न, मागच्या वर्षभरात त्या ढिगातून किती पार्ट काढून वापरलेत? आकडा सांगा.

आणि हो, त्या खोलीत काही प्लगला लावून ठेवलं असेल तर आधी काढा. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट मेन्सला लावायचा नसतो, सिरीज बल्बमधून, म्हणजे मध्ये एक बल्ब जोडून लावायचा, हे तुम्हाला माहीत असेलच. पण जिथे दार अर्धं उघडतं आणि खिडकी गाठता येत नाही तिथे लाकडी कॅबिनेट, मेण, जुनी वायर असं सगळं एकत्र असणं मला बरोबर वाटत नाही.

शॉर्टवेव्ह३१

मी जरा वेगळं बोलतो. १४३ म्हणजे काही फार नाहीत हो. माझ्या ओळखीत ४०० वाले आहेत. हे सेट आता परत बनणार नाहीत, बनवणारे कारखाने गेले, दुरुस्त करणारी माणसं पण जातायत. कोणीतरी वेडं होऊन साठवतं म्हणूनच पुढच्यांना बघायला मिळतं. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल बघा ना, १९७४ पासून टेबलाशेजारी खोकं ठेवायचा, पत्रं, पावत्या, फोटो, कात्रणं जे येईल ते त्यात टाकायचा, भरलं की बंद करून तारीख घालून गोदामात. अशी ६१० झाली. त्याच्या हयातीत कोणी बघितलं असतं तर पसाराच म्हटलं असतं, आज संग्रहालयात जपून ठेवलंय. तेव्हा एकदम स्वतःला आजारी ठरवू नका. मुलीच्या खोलीचं मात्र बघा काहीतरी, तेवढं पटलं.

तळटीप

मी समुपदेशक आहे. दोन ओळी वाचून कोणाचं निदान करता येत नाही आणि करूही नये, त्यामुळे तुम्हाला हे आहे किंवा नाही असं मी म्हणणार नाही. पण जो गोंधळ झालाय असं लिहिलंय तो थोडा सोडवता येईल.

होर्डिंग हा वेगळा विकार म्हणून मानला जायला लागला तो तसा अलीकडे. आधी तो ओसीडीचाच, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती सोडता न येण्याच्या विकाराचाच, एक भाग धरायचे. २०१३ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या यादीत त्याला स्वतंत्र नोंद मिळाली, आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही आहे. त्यात संख्येचा आकडा कुठेही नाही. बघतात ते असं, की वस्तू टाकणं किंवा देणं सतत जड जातं का, मग तिची खरी किंमत काहीही असो. ते जड जाण्यामागे "ही ठेवायलाच हवी" ही भावना आणि सोडताना होणारा त्रास आहे का. त्यामुळे घरातल्या राहत्या जागा इतक्या भरल्यात का की त्या ज्यासाठी आहेत त्यासाठी वापरताच येत नाहीत, म्हणजे पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही. आणि या सगळ्याने माणसाचं जगणं, नाती, सुरक्षितता यावर परिणाम होतोय का. हे सगळं दुसऱ्या कुठल्या आजारामुळे, मेंदूच्या इजेमुळे, डिमेन्शियामुळे होत नाहीये ना हेही तपासतात. तुम्हाला अर्धं लागू पडतं असं वाटलं ते बहुतेक यातल्या राहत्या जागेवाल्या मुद्द्यामुळे. बाकी घर मोकळं आहे, एक खोली गेलीय. पण ती रिकामी पडलेली खोली नव्हती, एका माणसासाठी ठेवलेली होती.

संग्रह करणारी माणसं आणि होर्डिंग असलेली माणसं यांची तुलना करणारा अभ्यास झालेला आहे. संग्राहकाला साधारण एक विषय असतो, काय हवंय हे माहीत असतं, तो शोधतो, मिळालं की लावतो, मांडतो, दाखवतो, दुसऱ्या संग्राहकांशी देवघेव करतो. होर्डिंगमध्ये आणणं बऱ्याचदा ठरवून नसतं, समोर आलं म्हणून येतं, आणि आल्यावर लावणं-मांडणं होतच नाही. तुम्ही लिहिलंय की लोक आणून द्यायला लागले आणि मी कधीच नाही म्हटलं नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं. पहिले काही सेट तुम्ही निवडले असतील, नंतरचे तुम्ही निवडलेत का?

एक अजून, वाचताना लोक बहुतेक टोकाची उदाहरणं बघतात आणि आपण तसे नाही म्हणून सुटल्यासारखं वाटतं. न्यूयॉर्कच्या कोलियर भावांची गोष्ट सगळीकडे दिसते, १९४७ साली दोघं घरातच मेलेले सापडले आणि घरातून १०० टनांहून जास्त सामान निघालं. त्यांच्या शेजारी उभं केलं तर आपण सगळेच ठीक. पण हे वाढतं ते हळूहळू, लक्षणं बऱ्याचदा शाळेच्या शेवटच्या वर्षांत दिसायला लागतात आणि खरा त्रास तिशीत-चाळीशीत जाणवतो, वयाबरोबर वाढत जातो. मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी फोटोंची एक मोजपट्टी केलीय, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांचे प्रत्येकी ९ फोटो, रिकाम्यापासून गच्च भरलेल्यापर्यंत, आपली खोली कुठल्या फोटोसारखी दिसते ते सांगायचं. ४ नंबर किंवा त्याच्या पुढे असेल तर मदत घ्यावी असं धरतात. शब्दांवर वाद घालता येतो, फोटोवर तेवढा घालता येत नाही. तुम्ही आणि बायको दोघांनी वेगवेगळं बघा आणि मग आकडे जुळवा.

लपवून आत नेणं, आधीच असलेलं विसरून परत आणणं, या गोष्टी तुम्हाला खटकल्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं. खूप जणांना ते खटकतच नाही, आणि तिथे उपचार जास्त अवघड होतात.

अबोली_

शॉर्टवेव्ह, तुमचं म्हणणं कळतं पण वॉरहॉलची ६१० खोकी त्याच्या मुलीच्या खोलीत नव्हती, गोदामात होती, प्रत्येकावर तारीख होती आणि पुढे ती उघडून नोंदी करायला पगारी माणसं होती. आपल्यामागे कोण आहे?

मीडियमवेव्ह, मला तुम्हाला मावशीबद्दल सांगायचंय. तिचा कसलाच संग्रह नव्हता. वर्तमानपत्रं, बाटल्या, प्लास्टिकचे डबे, जुने कपडे, बंद पडलेली इस्त्री, सगळं. प्रत्येकाचं तिच्याकडे कारण असायचं आणि एकेकटं ऐकलं तर कारण पटायचं पण. ही बाटली तेलासाठी होईल, हा पेपर त्यातली ती पाककृती कापायची राहिलीय, हा डबा कोणीतरी मागेल. ती कंजूष नव्हती, उलट दुसऱ्याला उपयोगी पडेल या एका विचारावर तिचं सगळं चालायचं, फक्त तो दुसरा कधी आलाच नाही. पुढे पुढे पलंगावरही सामान आलं आणि ती खुर्चीत झोपायला लागली. आम्ही गेलो की दारातच उभी राहून बोलायची, आत या म्हणायची नाही, आणि आम्हाला वाटायचं हिला माणसं नको झालीत. तिला लाज वाटत होती हे मला फार उशिरा कळलं.

मग ती पडली, हॉस्पिटलमध्ये होती तीन आठवडे, आणि आम्ही भाचरांनी मिळून तिचं घर रिकामं केलं. मी पण होते त्यात, पुढाकार माझाच होता. आम्हाला वाटलं येऊन बघेल, किती मोकळं, किती छान, रडेल थोडी आणि मग बरं वाटेल. ती आली, दारातून आत बघितलं आणि काहीच बोलली नाही. तिने फक्त एक विचारलं, निळी पिशवी कुठेय. निळी पिशवी कुठली ते आम्हाला कोणालाच आठवेना, त्या दिवशी शंभरेक पिशव्या गेल्या होत्या. त्यात तिच्या यजमानांची पत्रं होती. आम्ही उघडूनही बघितलं नव्हतं.

त्यानंतर तिने आम्हाला घरी येऊ दिलं नाही. दीड वर्षात घर परत भरलं, आधीपेक्षा जास्त. मला आजही ती निळी पिशवी झोपू देत नाही काही रात्री.

हे सांगायचं कारण असं की तुमच्या घरच्यांनी कधी वैतागून तुमच्या माघारी खोली रिकामी करायचं ठरवलं तर कृपा करून हे त्यांना वाचायला द्या. पण तुम्ही पण तशी वेळ येईपर्यंत थांबू नका. आज तुमच्याशी मुलगी बोलतेय. ती दारातून परत जायला लागायच्या आत करा.

तळटीप

अबोली, हे लिहायला हिंमत लागते. तुम्ही प्रेमानेच केलंत, आणि तेव्हा कोणी तुम्हाला दुसरं काही सांगितलंही नसेल. माघारी केलेली साफसफाई टिकत नाही हे उपचार करणारे पुन्हा पुन्हा बघतात, कारण सामान गेलं तरी टाकण्याचा निर्णय त्या माणसाने घेतलेलाच नसतो, आणि अवघड जातो तो नेमका निर्णयच.

२०१२ मध्ये एक अभ्यास आला होता, होर्डिंग असलेल्या लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून कागद ठेवायचे की फाडायचे हे ठरवायला सांगितलं, काही कागद त्यांचे स्वतःचे, काही दुसऱ्याचे. स्वतःच्या कागदाची वेळ आली की काय महत्त्वाचं आहे हे ठरवण्याशी संबंधित असलेले मेंदूचे भाग त्यांच्यात इतरांपेक्षा फार जास्त पेटले, आणि दुसऱ्याच्या कागदाला उलट इतरांपेक्षा कमी. म्हणून "एवढं साधं टाकता येत नाही का" हे वाक्य घरात कोणी वापरू नये. साधं नसतंच ते त्यांना. उपचारात हेच शिकवतात, छोट्या ढिगापासून, एक वस्तू हातात घ्यायची, निर्णय करायचा, जो त्रास होतो तो होऊ द्यायचा आणि थोड्या वेळाने तो किती उरलाय ते बघायचं. बहुतेक वेळा वाटला होता त्यापेक्षा लवकर ओसरतो. नवीन काही न आणता दुकानातून परत यायचा सरावही करतात. वेळ लागतो, महिने लागतात.

पानोपानी

मी तुमच्या बायकोच्या जागेवरून लिहिते. आमच्याकडे पुस्तकं. नवऱ्याचा जीव आहे पुस्तकांवर आणि माझं त्या माणसावरचं प्रेम त्या पुस्तकांमुळेच सुरू झालेलं, त्यामुळे मी शत्रू नाही पुस्तकांची. पण जिन्याच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी थप्प्या लागल्या आणि माझी सासू त्यात अडखळून पडली तेव्हा आम्ही बसून बोललो.

लपवण्याबद्दल लिहिलंत म्हणून सांगते, मला कळायचं. प्रत्येक वेळी कळायचं. बॅग जड आहे हे चालण्यावरून कळतं. पुस्तकाचा राग नाही यायचा, पण हा माणूस माझ्यापासून काहीतरी घेऊन घरात शिरतोय याने आत काहीतरी तुटायचं. तुमच्या बायकोलाही बहुतेक डिकीतलं माहीत आहे. तुम्ही आधी सांगा, तिने विचारायच्या आधी.

सगळे सांगतात एक आणलं की एक काढायचं. आम्ही करून बघितलं, नाही जमलं, कारण आणलेलं आवडतं असायचं आणि काढलेलं एखादं फाटकं पॅम्फ्लेट, आकडा जुळायचा पण थप्पी वाढायचीच. मग आम्ही भिंत ठरवली. एक अख्खी भिंत त्याची, जमिनीपासून छतापर्यंत, त्यात काय ठेवायचं मी बोलणार नाही, आणि भिंतीबाहेर काही नाही. पहिले सहा महिने फार वाईट गेले, खोटं नाही सांगत. पण त्यानंतर त्याने भिंत लावायला घेतली, विषयाप्रमाणे, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तो मला एकेक पुस्तक काढून दाखवायला लागला. थप्प्यांमधून त्याला ते दाखवताच येत नव्हतं, खालचं काढायचं तर सगळी थप्पी कोसळायची.

शॉर्टवेव्ह३१

अबोली, वॉरहॉलबद्दल बरोबर बोललात, मी तसा विचार केला नव्हता. मागे कोण आहे हा प्रश्न मलाही लागू आहे. माझ्या सेटची यादी फक्त माझ्या डोक्यात आहे.

मीडियमवेव्ह

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. सगळ्यांचं अनेकदा वाचलं.

कथीलदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ४. वर्षात चार पार्ट. दोन नॉब, एक व्हॉल्व्ह, एक डायलची काच, आणि ती काच शोधायला मला एक अख्खा रविवार लागला होता.

पानोपानीताई म्हणाल्या तसं बायकोला डिकीचं सांगितलं. तिला माहीत होतं. त्यावर बोलणं फार लांबलं, ते इथे नको. फोटोंची मोजपट्टी दोघांनी वेगवेगळी बघितली, खोलीला मी ५ दिले, तिने ७. परत दोघं जाऊन दारात उभे राहिलो आणि मी ७ केले.

मग दाराजवळून सुरुवात केली. ठरवलं की नवीन काही येणार नाही, दोन जणांना फोन करून नाही म्हटलं, पहिल्यांदाच, आणि ते काही नाराज झाले नाहीत. पहिला स्पेअर सेट टेबलावर घेतला, व्हॉल्व्ह काढले, नॉब काढले, आयएफ काढले, आणि उरलेला सांगाडा उचलून बाहेर ठेवायची वेळ आली तर हात हलेना. छातीत धडधडायला लागलं, घाम आला. ज्या सेटचं नावही मला धड आठवत नव्हतं, जो मी निवडला पण नव्हता, त्याच्यासाठी. मी खाली बसलो. तळटीप यांनी लिहिलं होतं की त्रास होऊ द्यायचा आणि बघायचं, म्हणून घड्याळ लावून बसलो. पंचवीस मिनिटांनी उठून ठेवला बाहेर. दुसऱ्याला पंधरा लागली असतील. सहावा-सातवा नुसताच ठेवला. तेराव्याला परत तसंच झालं, का ते कळलं नाही.

आतापर्यंत ४६ मोकळे केले. त्यातले ११ इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना उघडून बघायला दिले, बाकीचे भंगारात गेले. काढलेलं सामान दोन कप्प्यांत मावलंय, डब्यांवर नावं घातली. एका समुपदेशकांची वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्यात आहे, कारण त्या तेराव्या सेटबद्दल मला कोणाशी तरी बोलायचंय.

आणि आता जे सांगायला आलोय ते. खिडकीपाशी पोचलो परवा. खिडकीखाली, सगळ्यात आत, बाबांचा रेडिओ होता. मला वाटत होतं तो हॉलमधल्या कपाटात आहे, मी शपथेवर सांगितलं असतं. कधीतरी नवीन आलेल्याला जागा करायला मीच तो मागच्या खोलीत नेला असणार आणि मग त्याच्यापुढे बाकीचे लागत गेले. खिडकीतून पावसाचं पाणी आलंय, एका बाजूचं व्हिनिअर फुगून सुटलंय, स्पीकरचा कागद कशाने तरी कुरतडलाय. शेवटचा कधी लावला होता ते आठवायचा प्रयत्न केला, चार वर्षं तरी झाली असतील. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

मुलीने आणि मी मिळून तो बाहेर आणला. ती म्हणाली हा आधी कर, खोलीचं नंतर बघू. मी म्हटलं नाही, खोली आधी. दार आता पूर्ण उघडतं. तिचं टेबल शनिवारी आत जाईल, एक भिंत अजून माझीच आहे, ती तिने मोजून दिलीय.

एक विचारायचं होतं, कथीलदादा. व्हिनिअर साधारण वीतभर सुटलंय, तुटलेलं नाहीये, खालचं लाकूड धड आहे. हे परत बसवायला पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद वापरू की जुना सरस?

कथील

सरस. आधी सावलीत आठवडाभर वाळू द्या, घाई करू नका, उन्हात ठेवलंत तर वाकेल. खालचा जुना सरस कोमट ओल्या फडक्याने मऊ करून खरवडा. नवीन सरस आधी पाण्यात भिजवून मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करायचा, थेट आचेवर नाही. पातळ हात द्या, वर मेणकागद, त्यावर सपाट फळी आणि क्लॅम्प, एक दिवस तसंच. सरसाचा फायदा हा की पुढे कोणाला परत सोडवायचं झालं तर ऊब आणि ओल दिली की सुटतो, पांढरा गोंद असा सुटत नाही.

स्पीकरचा कागद किती गेलाय त्याचा फोटो टाका. थोडाच असेल तर पातळ टिश्यू लावून होईल, स्पीकरचा कोन (तो कागदी शंकू) बदलू नका. आणि मॅजिक आय काढून बाजूला ठेवा, ती चालू असेल तर तिला धक्का लागायला नको.